आधी बोटांनी

खंडेनवमीस घरोघर शस्त्रांची पूजा होते. आमच्या घरी शस्त्र म्हणावे असे काहीच नव्हते. म्हणून पाटावर वडिलांचा प्लगपाना आणि पोलादी पात्यांचा एक लहानसा गेज मांडला जाई. अंगणात १९७२ सालची बुलेट झेंडूची माळ घालून उभी असे.

पूजेच्या आदल्या दिवशी तिचा प्लग बदलावयाचा, हा घरचा रिवाज. एंजिन पुरते निवाल्याखेरीज वडील त्यास हात लावीत नसत. एंजिनाचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा. दोघांच्या झोंबीत हार कोणाची, हे ठरलेलेच. प्रथम भोवतालची धूळ फुंकावयाची, नाही तर ती सिलिंडरात पडते. मग जुना प्लग काढून, वैद्याने रोग्याची जीभ पाहावी तसे त्याचे टोक ते उन्हात धरीत. तपकिरी रंग दिसला की प्रकृती ठीक. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त. पांढुरके असले तर ते कमी. आणि तेलकट ओल दिसली की बहुधा रिंगा झिजल्या!

खोक्यातून निघालेला नवा प्लग तयारच असतो, अशी आमची समजूत होती. वडील मात्र त्याचीही फट मोजीत. ती सुमारे अर्धा मिलिमीटर हवी. अरुंद राहिली तर ठिणगी दुबळी पडते. फार रुंद झाली तर तिला ती उडी झेपत नाही. वाकवावयाची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या कांबीवर जोर केला तर भोवतीची चिनी माती तडकते. पाते फटीतून किंचित अडखळत सरकले म्हणजे माप जमले. एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता त्या एवढ्याशा जागेत सेकंदास २५ ठिणग्या पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे इतक्या सोपस्काराचे नवल वाटत नाही.

हे सारे आम्ही पाहून शिकलो. कारण वडील करून दाखवीत, सांगत काही नसत.

१९८८ साली आम्हांस नोकरीच्या मुलाखतीस जावयाचे होते. गाडी वाटेत अडखळू लागली, म्हणून घरी परतून तापल्या एंजिनातच आम्ही नवा प्लग घातला. तोही पहिल्या फेऱ्यापासून पान्याने. पाना जड चालला. आम्ही आणखी जोर केला. प्लग तिरपा शिरला होता. डोक्याचे आटे गेले. मुलाखतही गेली.

वडील एक अक्षर बोलले नाहीत. डोके उतरवून त्यांनी लेथवर पोलादी बुश बसवून घेतला, आणि तीन आठवडे ते बसने कचेरीस गेले. ते रागावले असते तर आम्हांस बरे वाटले असते. त्यानंतर आम्ही त्या पान्यास शिवलो नाही, आणि त्यांनीही कधी बोलावले नाही.

२००९ साली कंपवाताने त्यांचा हात थरथरू लागला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाते फटीत जाईना. त्यांनी प्लग आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आधी बोटांनी. मग पाना."

प्लग बोटांनी अलगद फिरत बसला. पान्यास उरला तो केवळ अर्धा फेरा. त्या चार शब्दांत शिकवण किती आणि दिलगिरी किती, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही.

वडील आता नाहीत. यंदा आमच्या कन्येने प्लग हाती घेतला. फट तिने नीट मोजली. पण कॉलेजला उशीर होत होता, आणि तिचा हात पान्याकडे गेला.

"आधी बोटांनी," आम्ही म्हणालो.

"ठाऊक आहे, बाबा," असे म्हणून तिने पाना पाटावर ठेवला.