गिलावा उतरलेले चर्च आणि मार्गदर्शकाची जबाबदारी

ख्रिस्ती तीर्थस्थळी विनामोबदला मार्गदर्शकाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकाला एकाच वेळी दोन प्रकारच्या माणसांशी बोलावे लागते. नवस फेडायला आलेला भाविक आणि केवळ पाहायला आलेला प्रवासी एकाच रांगेत उभे असतात, आणि एकाला जे सांगायचे ते दुसऱ्याच्याही कानी पडते. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बॅसिलिकेत (बॅसिलिका म्हणजे पोपने विशेष मान दिलेले चर्च, हा मान येथे १९४६ मध्ये मिळाला) ही अडचण सर्वाधिक जाणवते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दशवार्षिक दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुढे आले, त्यांतील दोन-तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. मुंबई–गोवा महामार्गाने दरवर्षी गोव्याला जाणाऱ्या वाचकांनाही या प्रश्नांशी कर्तव्य आहे.

मार्गदर्शकाने कागदोपत्री सिद्ध झालेली गोष्ट, परंपरेने चालत आलेली कथा आणि श्रद्धेचा विषय या तिन्हींची सरमिसळ करू नये, हा या कामाचा पहिला नियम होय. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सान्शियन बेटावर निवर्तले, त्यांचे शव मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आले आणि १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवला गेला, या नोंदलेल्या घटना आहेत. एका पोर्तुगीज स्त्रीने दर्शनाच्या वेळी पायाच्या बोटाचा चावा घेतला ही परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. शव दीर्घकाळ अविकृत राहिले यामागे ईश्वरी कृपा होती, हा श्रद्धेचा भाग आहे. परंतु प्रत्यक्षात चाव्याची कथाच आधी आणि चढ्या आवाजात सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्याला चर्चविषयी पुढे तेवढेच आठवते, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

‘ममी’ हा शब्दही असाच रूढ झाला आहे. ममी म्हणजे सामान्यतः आतडी काढून, क्षार व लेप वापरून मुद्दाम टिकवलेले शव. झेवियर यांच्या बाबतीत मात्र मांस लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना घातला होता, आणि गोव्यात व्हाइसरॉयच्या वैद्याने तपासणी करून आतडी जागेवर असल्याची साक्ष दिली होती. आज चांदीच्या पेटीत जे आहे त्याला चर्च स्वतः ‘पवित्र अवशेष’ म्हणते, कारण काळाचा परिणाम त्यावर झालेला आहे. १७५९ मध्ये जेझुइटांची (झेवियर यांच्याच धर्मसंघातील धर्मगुरूंची) गोव्यातून हकालपट्टी झाल्यानंतर त्यांनी मूळ शव पळवले अशी अफवा पसरली आणि तिचे निरसन करण्यासाठी १७८२ मध्ये सर्वांसाठी दर्शन खुले करावे लागले, ही गोष्ट मार्गदर्शकाने अवश्य सांगावी; आजचा सोहळा मुळात लोकांच्या शंकेला दिलेले उत्तर आहे.

तथापि या वास्तूविषयीचा सर्वांत खोल गैरसमज तिच्या भिंतींविषयी आहे, आणि तो दूर करणे मार्गदर्शकांना सर्वांत कमी जमले आहे. १५९४ मध्ये पायाभरणी होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च जांभ्याचे आहे, आणि त्याचा तांबडा उघडा दगड म्हणजेच त्याचे मूळ रूप, अशी जवळजवळ प्रत्येकाची समजूत असते. वस्तुतः जांभा हा सच्छिद्र दगड असून कोकणच्या पावसात तो पाणी शोषतो व हळूहळू झिजतो, हे रायगडातील कोणत्याही जुन्या गवंड्याला ठाऊक असते; म्हणूनच त्यावर चुन्याचा गिलावा करीत. हा गिलावा पावसाचा मारा झेलतो, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि स्वतः झिजून दगडाला वाचवतो. बाँ जेझूसचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली, वास्तू अधिक प्राचीन दिसावी या हेतूने उतरवला गेला. समोरचे से कॅथेड्रल पांढरे आणि हे तांबडे, या फरकाचे कारण इतके अलीकडचे आहे. सुमारे सत्तर वर्षांचे तांबडे रूपही आता इतिहासच झाले, १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत वास्तू याच रूपात आली, असा युक्तिवाद केला जातो; तो हलका नाही, आणि लोकांच्या डोळ्यांत बसलेले रूप बदलणे सोपे नाही, हेही खरे. तरीही ज्या रूपामुळे दगड झिजतो, ते रूप जपण्यासाठी दगड गमावणे समर्थनीय ठरत नाही. गिलावा पुन्हा चढवला पाहिजे. दर्शनी भागावरील कोरीवकामाचा काळा दगड वसईहून आणलेला असून तो उघडाच राहावा हा मूळ योजनेचा भाग होता. तांबड्या भिंतीमुळे त्याचा उठावही मंदावला आहे.

भाषेचा प्रश्न उरतो. ‘नोव्हेना’ म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, ‘फेस्त’ म्हणजे संताचा वार्षिक उत्सव, ‘इगर्ज’ म्हणजे चर्च, हे मराठी प्रवाशाला मराठीतूनच कळले पाहिजे, आणि याचा आदर्श चार शतके जुना आहे: इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत सिद्ध करताना स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. कोर्लईसारख्या गावात पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली अद्याप बोलली जाते, रेवदंड्याच्या कोटात चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. अशा रायगड जिल्ह्यातील तरुणांना हे काम परके वाटण्याचे कारण नाही. त्यांनी ते शिकावे, आणि जे केवळ पाहुणे म्हणून जातील त्यांनी मार्गदर्शकाला प्रत्येक कथेचा आधार विचारावा. प्रथेप्रमाणे पुढचा दर्शनसोहळा २०३४ मध्ये येईल. फेस्त मात्र दरवर्षी ३ डिसेंबरला असते.