मूळ मुद्रणाची ठेव

ध्वनिमुद्रणाची एमपी३ प्रत करणे म्हणजे त्यातील काही अंश कायमचा सोडून देणे होय. सीडीच्या दर्जाचे मूळ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १२८ किलोबिटांच्या प्रतीत सुमारे अकराव्या हिश्शाएवढे उरते. मोठ्या नादाखाली झाकलेला सूक्ष्म नाद कानास जाणवत नाही, या हिशेबाने यंत्र तो गाळते. हिशेब बहुधा खराच ठरतो. परंतु नव्वदीला टेकलेल्या आमच्या आत्याबाईंच्या ओव्या मी घरी मुद्रित केल्या, त्यांत जात्याच्या घरघरीआड त्यांचा श्वास आहे. गाळणीत तोही जाऊ शकतो. प्रतीची पुन्हा प्रत काढली की आणखी गळते. म्हणून परगावच्या भाचरांकडे एमपी३ खुशाल धाडावी; घरात मात्र वेव्ह, अथवा काहीही न गाळता आटोपशीर होणारी फ्लॅक जपून ठेवावी. लहान प्रत मुळातून केव्हाही काढता येते. प्रतीतून मूळ कधीच निघत नाही.