उधारीचा फोन

घोडेगावच्या पेठेत किराणा आणि भुसार मालाचे एक जुने दुकान आहे. त्याच्या गल्ल्याशेजारी तीन वस्तू वर्षानुवर्षे एकाच जागी असत : लाल कापडी बांधणीची खतावणी, चष्म्याची डबी आणि बटणांचा एक छोटा फोन. कांद्याच्या लिलावाला आलेले शेतकरी, जनावरांच्या बाजाराला आलेले व्यापारी, शनिशिंगणापूरच्या वाटेवर क्षणभर थांबलेले भाविक, कोणी ना कोणी त्या फोनकडे पाहून हसे. "शेठजी, अजून हाच?" असे विचारणाऱ्याला सत्तरी ओलांडलेले शेठजी शांतपणे सांगत, "बोलायला एवढा पुरतो."

हे उत्तर केवळ सवयीचे नव्हते. काही वर्षांपूर्वी चातुर्मासातील एका प्रवचनात परिग्रह-परिमाणाचा विषय निघाला होता. तेव्हा शेठजींनी साध्वीजींसमोर उभे राहून वर्षभरासाठी काही मर्यादा घेतल्या. कपड्यांचे जोड किती, चपलांचे जोड किती, स्वतःसाठी नवी खरेदी किती. त्यातच एक नियम असा की, बटणांच्या फोनपलीकडे स्वतःकडे काही ठेवायचे नाही. दर पर्युषणात ते हा नियम पुन्हा घेत. स्थानकात त्यांच्या साधेपणाची अनुमोदना होई, तरुणांना त्यांचा दाखला दिला जाई. शेठजींना ते मनातून आवडत असे. मात्र हे आवडणे त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केले नव्हते.

यंदाच्या राखीला सूनबाई चार-पाच दिवसांसाठी माहेरी जालन्याला गेल्या. घरातील दुसरा मोठा फोन मुलाकडे. तो दिवसभर दुकान, गोदाम आणि नगरच्या फेऱ्या यांत अडकलेला. शेठजींची मुलगी बंगळुरूला दिलेली. तिची तीन वर्षांची लेक रोज संध्याकाळी सूनबाईंच्या फोनवर आजीला दिसे, दुडदुडत येऊन हातातले खेळणे पडद्याला लावी. चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन झाले की बाई ओसरीवर बसत आणि सूनबाई काम आवरून फोन आणून देत. त्या चार दिवसांतही बाई नेमाने ओसरीवर बसल्या. फोन आला नाही. पाचव्या दिवशी शेठजींनी विचारले, "आज मुलीशी बोलणं झालं का?" बाई म्हणाल्या, "सूनबाई आल्या की बोलेन. तुमच्या फोनवर आवाज येतो, पण लेकरू आवाजाला कुठं थांबतंय? ते तोंड बघायला मागतं."

बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती, तर शेठजींनी तिला उत्तर दिले असते. तक्रार नसल्यामुळे ते वाक्य त्यांच्या मनात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात आणखी एक लहानशी गोष्ट घडली. हरभऱ्याचा भाव पाहण्यासाठी शेठजींनी मुलाचा फोन मागून घेतला होता. त्याच वेळी मालाच्या गाडीचे ई-वे बिल करायचे होते आणि त्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर यायचा होता. गाडीवाला दारात उभा. "पप्पा, दोन मिनिटं द्या," असे म्हणून मुलाने हात पुढे केला. शेठजींनी फोन दिला. पण दुकानदाराच्या नजरेला एक नोंद दिसली. जी वस्तू आपली नाही आणि जी आपण दिवसातून कितीदा मागतो याचा हिशेब नाही, तिला व्यापारात एकच शब्द आहे, उधारी.

शेठजींनी त्या रात्री एक जुनी चोपडी काढली आणि एका पानावर शीर्षक घातले : फोन, नावे. पुढचे आठ दिवस ते प्रामाणिकपणे लिहीत गेले. भाव पाहण्यासाठी मुलाचा फोन. कंपनीने पाठवलेल्या बिलाचा फोटो उघडण्यासाठी मुलाचा फोन. प्रवचन ऐकण्यासाठी सूनबाईंचा फोन. तपासणीचा अहवाल डॉक्टरांना पाठवण्यासाठी पुन्हा सूनबाईंचा. ग्राहकाचे पैसे जमा झाले की नाही, हे विचारण्यासाठी कामावरच्या पोराचा फोन. आठ दिवसांची बेरीज एक्केचाळीस झाली. जमेच्या बाजूला काहीच नव्हते.

बेरीज पाहून शेठजी बराच वेळ स्तब्ध बसले. आपल्याकडे वस्तू नाही, ही गोष्ट खरी होती. परंतु त्या वस्तूची गरज आपल्याला नाही, ही गोष्ट खरी नव्हती. गरज तशीच होती. केवळ तिचा भार मुलाच्या, सुनेच्या आणि कामावरच्या पोराच्या खिशावर टाकलेला होता. दुसऱ्याच्या परिग्रहाच्या आधारावर उभा असलेला अपरिग्रह कितपत आपला, हा प्रश्न त्यांना प्रथमच पडला. आणि या हिशेबात बाईंचे नाव कुठेच नव्हते. ज्या घराने नियमाचे कौतुक केले, त्या घरात नियमाची किंमत ओसरीवर बसून कोण मोजत होते, हे चोपडीच्या पानावरही आले नव्हते.

परिग्रह म्हणजे केवळ वस्तू नव्हे, वस्तूविषयीची मूर्च्छा, हे जैन परंपरेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ही मूर्च्छा जशी वस्तू असण्याची असते, तशी ती नसण्याचीही असू शकते. शेठजींना उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा आठवली. वाणिज्यग्रामचा तो धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गायींचे चार व्रज. भगवान महावीरांकडे त्याने श्रावकाची व्रते घेतली, तेव्हा तो व्यापार सोडून निघून गेला नाही. त्याने मर्यादा घातली, आणि ती किती बारकाईने! शेतीचे नांगर किती, परदेशी जाणाऱ्या गाड्या पाचशे, गावातील मालवाहतुकीच्या पाचशे; एवढेच नव्हे तर दात घासण्याची काडी कोणती, अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, हेसुद्धा त्याने ठरवून घेतले. बाह्य परिग्रहाचे जे नऊ प्रकार क्षेत्र, वास्तूपासून कुप्यापर्यंत सांगितले जातात, त्यांत घरातील भांडीकुंडी आणि उपकरणे कुप्यात येतात. फोनचीही जागा तीच. म्हणजे आनंदाच्या रीतीने विचारायचा प्रश्न 'आहे की नाही' एवढाच नाही. कोणत्या कामासाठी, किती आणि कुठवर, हा आहे.

पर्युषण जवळ आले होते. नियम पुन्हा घ्यायचा की नाही, हे त्याआधी ठरायला हवे होते.

मुलाला वडिलांचे मन कळले तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "मग चांगला नवाच घेऊ. पंचवीस हजारांत उत्तम येईल." शेठजींनी मान हलवली. त्यांनी आधी कामांची यादी केली. पैसे देण्याघेण्यासाठी मोठा फोन हवाच असे नाही, हे त्यांना यादी करताना कळले. बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये यूपीआय 123 पे ही सोय सुरू केलेली आहे. दुकानाचा हिशेब मुलाच्या फोनवर आहे, तो तिथेच राहावा. उरल्या चार गोष्टी : नातीचे तोंड दिसणे, प्रवचन ऐकणे, बिलाचा किंवा अहवालाचा फोटो पाहणे-पाठवणे आणि भाव पाहणे. एवढ्यासाठी पंचवीस हजार कशाला? जुना, साधा फोन पुरेल.

जुना फोन घरातच होता. शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या नातवाने मागे ठेवलेला, कपाटाच्या खणात पडलेला. तो बाहेर काढला, तर त्याची पाठ फुगून वर आलेली. नातवाने दूरवरून बजावले, "दादाजी, त्याला चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलीय, पेट घेईल." त्याने दुसरीही गोष्ट सांगितली. त्या फोनमधील अँड्रॉइडची आवृत्ती 4.4 होती आणि तेवढ्या जुन्या आवृत्तीवर व्हॉट्सॲप 1 जानेवारी 2025 पासून चालेनासे झाले आहे. फुकट मिळणारी वस्तू अशा रीतीने बाद झाली. बाईंनी ती कचऱ्यात टाकू दिली नाही. उकिरड्यावर पेटली तर कचरा वेचणाऱ्याचा हात भाजायचा, आणि किती जीवांची विराधना व्हायची! ई-कचरा घेणाऱ्याकडे देण्यासाठी ती नगरच्या फेरीत बाजूला ठेवली गेली.

मग बाजारात एका परिचिताने खिशातून एक फोन काढला. जवळजवळ नवा, किंमत फक्त दीड हजार. बिल नाही, खोके नाही. "शेठ, तुम्हाला म्हणून देतो." दीड हजार म्हणजे साधेपणाच्या नियमालाही शोभणारा आकडा. शेठजींचा हात क्षणभर पुढे झालाही. पण प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे उच्चारलेले तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार त्यांना आठवले. चोराने आणलेला माल घेणे हा त्यांतला पहिलाच. स्वतः चोरी न करणाऱ्या व्यापाऱ्यालाही जो दोष लागू शकतो, तो हाच. प्रत्येक फोनला स्वतःचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#06# ही बटणे दाबली की तो दिसतो. रोमन लिपीत केवायएम ही तीन अक्षरे, मोकळी जागा आणि पुढे तो क्रमांक असा संदेश 14422 वर पाठवला, किंवा सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहिले, की तो फोन बंदी घातलेला आहे का, ते समजते. शेठजींनी केवळ एवढेच म्हटले, "क्रमांक तपासून घेतो." परिचिताने फोन पुन्हा खिशात घातला आणि विषय बदलला.

शेवटी मुलाबरोबर नगरला जाऊन पाहणी झाली. तिथे शेठजींनी मालाची पारख करावी तशी फोनची पारख केली. पहिला प्रश्न, त्यावर फोर-जीवरून बोलता येते का? कारण जिओचे जाळे 2016 मध्ये फोर-जीवरच सुरू झाले. तशी सोय नसलेला फोन कितीही स्वस्त असला, तरी त्या कार्डावर मुका राहतो. दुसरा, व्हॉट्सॲप आणखी काही वर्षे चालेल इतकी आवृत्ती नवी आहे का? तिसरा, बॅटरी बदललेली आहे की मूळचीच? चौथा, पक्के बिल मिळेल का? पाचवा प्रश्न मुलाने विचारला : सुरक्षेचे अद्ययावतीकरण अजून येते का? दुकानदाराने खरे सांगितले की, या मॉडेलचे आता येत नाही.

परतीच्या वाटेवर याच उत्तरावर बापलेकांची चर्चा झाली. घोडेगावहून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना परंपरेने दारे नसतात, हे जगाला ठाऊक आहे. 2011 मध्ये युको बँकेने तिथे कुलपाशिवायची शाखा उघडली होती. "तिथे दार नाही, पण गावाची श्रद्धा आहे," शेठजी म्हणाले. "या फोनलाही दार नाही, आणि राखणाराही कोणी नाही. मग त्यात तिजोरी ठेवायची नाही. कुणी अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडायचं नाही." काटकसर आणि हलगर्जीपणा यांत अंतर आहे. स्वस्त वस्तूवर दुकानाची पुंजी आणि ग्राहकांचा विश्वास सोपवणे, हा संयम नव्हे, प्रमाद आहे. यतना पाणी गाळण्यापुरती नसते. ती पैशाच्या व्यवहारातही पाळावी लागते.

चार हजार दोनशे रुपयांना तो जुना, साधा फोन घरी आला. कोपऱ्याला एक बारीक ओरखडा होता. बँकेचे काहीही त्यात घातले गेले नाही. त्यासाठी बटणांचा फोन आणि मुलाचा फोन होतेच. पर्युषणात शेठजी स्थानकात उभे राहिले आणि त्यांनी नियम बदलून घेतला. घरात दोघांत मिळून हा एकच फोन. चार कामांपलीकडे त्याचा उपयोग नाही. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत आणि रात्री झोपताना तो बंद. तो बिघडेपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. काहींना नवल वाटले. "एवढी वर्षं पाळलं, आता कशाला सोडलं?" असे एकाने विचारले. शेठजी म्हणाले, "सोडलं नाही. आजवर माझ्या नियमाचा खर्च घरचे करत होते, तो आता माझ्या नावे घेतला."

संवत्सरीच्या संध्याकाळी क्षमापना करताना त्यांनी मुलाला आणि सूनबाईंना हात जोडले. मग बाईंकडे वळून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चार दिवस ओसरीवर बसवलं. खमावतो." बाईंनी काही उत्तर दिले नाही, पदर सावरून त्यांनीही हात जोडले.

दिवाळीला वहीपूजन झाले. जुन्या खतावणीतील येणी-देणी नव्या वहीत ओढली गेली. चोपडीतील 'फोन, नावे' हे पान मुलाला दिसले आणि त्याने विचारले, "हे पुढं ओढायचं का?" शेठजींनी पानावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि लिहिले, 'खाते पूर्ण.' त्याच वेळी आतून आवाज आला. बंगळुरूहून फोन आला होता. कोणाला हाक न मारता बाईंनी तो स्वतःच उचलला होता, आणि पडद्यावर लावलेली पणती विझू नये म्हणून पलीकडची तीन वर्षांची पोर दोन्ही हातांचा आडोसा करून आजीला दाखवत होती.