जीपची झाली जीपनी!

फिलिपिन्सची राजधानी मनिला. १९४५ साली महायुद्ध संपलं तेव्हा तिथल्या ट्राम लढाईत मोडून पडल्या होत्या. मागे उरल्या अमेरिकन लष्कराच्या जीपगाड्या. मग कारागिरांनी गंमतच केली! जीपचा सांगाडा कापून लांबवला, वर पत्र्याचं छप्पर, आत समोरासमोर दोन बाकं. चढायचं मागून, अगदी आपल्या वडापसारखं! भाडं मात्र हातोहात चालकापर्यंत जातं. मूळ जीपा झिजल्या, तशा नव्या सांगाड्यांवर जुनी जपानी डिझेल इंजिनं बसू लागली. धूर फार, हे खरंच. म्हणून २०१७ साली सरकारने नव्या गाड्यांची योजना आणली. पण त्या महाग! जुनीच गाडी ठोकूनठाकून चालवणाऱ्याने एवढे हप्ते भरायचे कुठून?