पदराची गाठ

लहान मूल आणि समुद्र या दोघांनाही स्वस्थ बसणे ठाऊक नाही. ही दोघे एकत्र आली, की वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. गोव्याच्या सफरीसाठी मुंबईच्या बंदरात एक कुटुंब जहाजावर चढले, तेव्हा त्यातील आजोबांची अवस्था अशीच झाली होती. बरोबर मुलगा, सून, बारा वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात होती. नातवाला घरात सारे दादा म्हणत आणि नातीला छकुली. छकुली चालत अशी कधी नसेच; ती धावत असे.

आजोबांचे बालपण कोकणात गेले होते. त्या काळी मुंबईला जायचे म्हणजे आगबोटीने जायचे. अनेक बंदरांना धक्का नसे. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पडावात बसताच आजोबांची आई आपल्या लुगड्याच्या पदराचे टोक त्यांच्या मनगटाला बांधी आणि पायाला वाळू लागेपर्यंत ती गाठ सोडीत नसे. तिच्या भीतीला कारण होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. किनाऱ्यावरच्या घराघरांत ते दुःख पुढे कितीतरी वर्षे ताजे होते.

आता मात्र आजोबांसमोर सात-आठ मजली इमारतीसारखे जहाज उभे होते. नातीचा हात घट्ट धरून ठेवावा, असे त्यांना प्रथम वाटले. पण धावत्या मुलाचा हात दोन दिवस कोण धरून ठेवील? म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व उतारूंना नेमलेल्या जागी एकत्र बोलावण्यात आले. संकटाची खूण म्हणून भोंगा वाजला : सात आखूड आवाज आणि त्यामागून एक लांब. खलाशाने जीवरक्षक जाकीट कसे बांधावे हे दाखविले. मुलांसाठी त्यांच्या मापाची वेगळी जाकिटे होती. कारण मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात निसटून जाते. प्रत्येक मुलाच्या मनगटावर एक रंगीत पट्टी बांधण्यात आली व तीवर त्या मुलाने कोठे जमायचे त्या जागेची खूण होती. पुष्कळ मोठी माणसे त्या वेळी जांभया देत होती. छकुली मात्र भोंग्याचे आवाज बोटांवर मोजीत होती.

नंतर आजोबा दोन्ही नातवंडांना घेऊन जहाज पाहावयास निघाले. ‘हे करू नका, ते करू नका’ असे ते म्हणाले नाहीत. प्रत्येक गोष्टीचे कारण सांगत गेले. लाटांचे पाणी आत शिरू नये म्हणून डेकवरच्या दाराला उंच उंबरठा असतो, आणि धावणारा त्यालाच अडखळतो. जहाज कलले, की जड दार आपोआप मिटते व फटीतले बोट चिरडते. कठड्यापाशी येताच ते थांबले.

“हा कठडा निदान एक मीटर उंच असावा, त्याच्या तळाशी २३ सेंटीमीटरांहून आणि वरच्या दोन दांड्यांमध्ये ३८ सेंटीमीटरांहून अधिक फट नसावी, असा नियम आहे. तो उभ्या माणसाला राखतो. पण खुर्चीवर किंवा दांडीवर चढलेल्याला राखू शकत नाही.”

शेवटी त्यांनी छकुलीला भोजनगृहाबाहेरच्या हिरव्या पाटीखाली बसविले. “आम्ही दिसेनासे झालो तर शोधत फिरायचे नाही. गणवेशातल्या माणसाला ही पट्टी दाखवायची आणि येथे येऊन बसायचे.”

संध्याकाळी भोजनगृहाबाहेरच्या डेकवर वारा सुटला होता. “छकुलीकडे बघ रे, मी शाल घेऊन येते,” असे आई म्हणाली. दादाने मान न वळविताच “हो” म्हटले. दूर कोळ्यांच्या होड्यांचे दिवे पाण्यावर लुकलुकू लागले होते आणि तो ते मोजण्यात गढून गेला होता. त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा छकुली तेथे नव्हती.

त्याची पहिली नजर कठड्याकडे गेली आणि पायांतले बळच गेले. क्षणभर त्याला वाटले, कोणाला कळण्याआधी आपणच तिला शोधून काढावी. पण शोधता शोधता वेळ गेला तर? तो तडक आजोबांकडे गेला.

“आजोबा, छकुली दिसत नाही. मी लक्ष दिले नाही. चूक माझी आहे.”

आजोबांनी एक शब्दही न बोलता जवळच्या खलाशाला गाठले. खलाशाने लगेच संदेश पाठविला. ती चार-पाच मिनिटे सर्वांना युगासारखी वाटली. मग निरोप आला. हिरव्या पाटीखाली मांडी घालून छकुली बसली होती आणि शेजारी एक खलाशी उकिडवा बसून तिच्याशी बोलत होता. दादाला पाहताच ती म्हणाली, “तू हरवला होतास ना? म्हणून मी इथे येऊन बसले!”

दादाचे डोळे भरून आले. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “चूक लपविण्यात तू वेळ घालविला नाहीस, हे फार चांगले केलेस. पण एक लक्षात ठेव. जहाजावर पहाऱ्यावरचा माणूस दुसऱ्याने पाळी स्वीकारल्याखेरीज आपली जागा सोडीत नाही. न पाहता म्हटलेला ‘हो’ म्हणजे पाळी स्वीकारणे नव्हे. आम्हीही तो ‘हो’ खरा मानून निर्धास्त राहिलो; तेवढी चूक आम्हा मोठ्यांची.”

त्यानंतर साऱ्या सफरीत एक रीत पडली. छकुलीजवळून उठणारा म्हणे, “आता तुझ्याकडे,” आणि दुसरा तिच्याकडे पाहून उत्तर देई, “हो, आता माझ्याकडे.” मग छकुलीही मोठ्या ऐटीत सांगे, “मी दादाकडे आहे!”

सफर संपली, तेव्हा आई छकुलीच्या मनगटावरची पट्टी सोडू लागली. छकुलीने हात मागे घेतला. आजोबांनी त्या चिमुकल्या मनगटाकडे पाहिले. वाळूला पाय लागेपर्यंत न सुटणारी एक जुनी गाठ त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

“घरी पोहोचेपर्यंत असू दे,” ते म्हणाले.