बॉनेटखालचा जीव



आज स्वयंपाकघरातलं नाही, गाडीतलं सांगणार आहे. पण ते फिरून आपल्या पहिल्या अणुव्रतापाशीच येतं, म्हणून इथे लिहिते.

घोडेगावात आमचं किराणा दुकान. माल पोचवायला एक जुनी डिझेल पिकअप आहे. ड्रायव्हरदादा आहुप्याचे. डिंभे धरणाच्या कडेने वरच्या गावांत माल उतरवत ते संध्याकाळी घरी पोचतात, गाडी रात्री तिथेच राहते आणि सकाळी खाली येताना कोणाला दवाखान्यात, कोणाला बाजाराला जायचं असेल तर तेही तिच्यातूनच येतात. आहुपे म्हणजे सह्याद्रीची अगदी कड, घोड नदीचा उगम तिथला. पावसाळ्यात तिथे एवढं धुकं असतं की अंगणातली गाडी घरातून दिसत नाही.

पावसाच्या सुरुवातीलाच उंदरांनी एकदा वायरी कुरतडल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च झाला, दोन दिवस माल अडकला. मी चिडले. बाजारात उंदीर चिकटवायचा गोंदाचा पुठ्ठा मिळतो, तो आणून दादांच्या हातात दिला. "विष नको, मारायचं नाही. नुसता पकडायचा," असं वर सांगितलंही. मनात केवढं समाधान, की आपण हिंसा टाळली!

श्रावणात एका सकाळी दादांचा फोन आला. "वहिनी, गाडी चालू होईना. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन धरत न्हाय." ह्यांची कंबर दुखत होती, म्हणून गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन मीच वर गेले.

बॉनेट उघडलं आणि माझा श्वास अडकला. बॅटरीशेजारी तो पुठ्ठा होता आणि त्यावर एक उंदरीण जिवंत चिकटलेली. चारही पाय, पोट, गालाची एक बाजू. सुटायच्या धडपडीत एका पायाची कातडी सोलली होती. किती तास झाले असतील, कोणास ठाऊक. पलीकडे एअर फिल्टरच्या डब्यामागे गवताचं, चिंध्यांचं घरटं होतं आणि त्यात चार गुलाबी पिल्लं.

मी नुसती उभी राहिले. दादांच्या आई पुढे आल्या. वाटीत गोडेतेल आणलं, बोटाने थेंब थेंब पायाभोवती सोडत राहिल्या. तेलाने गोंद सैल होतो. अर्ध्या तासाने एकेक पाय सुटला. "त्याला काय कळतंय, ही गाडी हाय का घर हाय. ऊब घावली, शिरला," त्या एवढंच बोलल्या. पिल्लांचं घरटं त्यांनी फडक्यात उचलून गोठ्यातल्या पेंढ्यात ठेवलं, उंदरीण शेजारी सोडली. ती लंगडत पेंढ्यात शिरली. जगली का, पिल्लांना दूध मिळालं का, मला माहीत नाही.

तोवर मिस्त्रींनी काम सुरू केलं होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडली. उघड्या वायरींवर काम करताना ही पहिली गोष्ट. कुरतडलेल्या सात वायरी निघाल्या. गाडी बंद पडायचं कारण त्यातली एकच होती. जुन्या डिझेल पंपावर इंधन सोडणारा एक सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याचा 'टक्' आवाज येतो. वायर तुटल्यामुळे त्याला वीज मिळत नव्हती, डिझेल अडलेलंच राहत होतं. मिस्त्रींनी निगेटिव्ह तेवढ्यापुरती जोडून बॅटरीवरून थेट एक वायर त्याला लावून पाहिली, 'टक्' झालं. रोग सापडला.

मग एकेक वायर चांगली तांबूस, स्वच्छ लागेपर्यंत मागे कापली. त्याच जाडीची नवी वायर जोडली, डाख दिला, वरून नळी सरकवून लायटरच्या आचेवर आवळली. सगळे जोड एका रांगेत न घेता मागेपुढे घेतले, म्हणजे जुडगा फुगत नाही आणि एखाद्या जोडाचं आवरण फाटलं तरी दुसरा जोड त्याला टेकत नाही. शेवटी सगळं खाचांच्या प्लास्टिक नळीत बसवलं. मला म्हणाले, "ताई, फ्यूज उडाला तर त्याच मापाचा नवा घाला. तार गुंडाळून चालवू नका. वायर जळते, मग गाडी आणि आतली माणसंही." दुपारी इंजिन चालू झालं.

"पण उंदीर आलेच का?" मी विचारलं. त्यांनी हौद्याचा कोपरा दाखवला. फाटक्या पोत्यातले शेंगदाणे फटीत सांडून तिथेच राहिले होते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. खाणं आम्ही ठेवलं, इंजिनची ऊब आम्ही दिली, कोरडा कोपराही दिला. मग तो आला म्हणून शिक्षाही आम्हीच दिली.

मैत्रिणींनो, प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण दरवेळी म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. माझी जीभ ते सरावाने म्हणत आली. त्या दिवशी कळलं, एका पुठ्ठ्यात त्यातले तीन होते. बांधून ठेवणं, अंग सोलणं, अन्नपाणी तोडणं. 'मारायचं नाही' म्हणत मी लांबचं मरण विकत आणलं होतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. मला मात्र ते एका उंदरिणीकडून शिकावं लागलं.

आता आमच्याकडे काय करतो ते सांगते. माल उतरला की हौदा त्याच दिवशी झाडायचा. फाटकं पोतं गाडीत चढवायचं नाही. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून गवत, चिंध्या दिसतात का पाहायचं, म्हणजे घरटं होण्याआधीच काढता येतं. उघडीप असेल तेव्हा गाडी उभी केल्यावर बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवायचं, ऊब आणि अंधार दोन्ही कमी होतात. हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. तंबाखूच्या पुड्या टांगणारे आहेत, पण इंजिनच्या उष्णतेने तो वास चार दिवसांत जातो. पिंजरा लावलाच तर तो रात्रीतून पाहायचा, त्यात दाणा-पाणी असावं आणि सकाळी विसरायचा नाही.

चूल पेटवण्याआधी आपण पुंजणी फिरवतो, पाणी गाळतो, धान्य निवडतो. जयणा आपल्या हाताला सवयीची आहे. ती उंबऱ्याच्या आतच राहिली, एवढंच. आता दादांच्या सीटमागे एक पुंजणी असते. पहिल्या दिवशी ते हसले. आता तेच आधी हौदा झाडतात, मग चावी लावतात.

यंदाच्या संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना मी त्या पेंढ्यापाशी होते.