गोळी घ्यावी की नको?



पर्युषणानंतर पायांना मुंग्या येऊ लागल्या. वाटलं, उपवासाचा अशक्तपणा असेल. भंडाऱ्याला रक्त तपासलं, तर बी-१२ फारच कमी! सुनेने आधीच मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली आणली होती. पण कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. मन धजावेना.

बी-१२ धान्य-भाजीत नसतंच. आपल्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ मधल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या दोन-तृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं. म्हणजे मी एकटी नाही.

औषधातलं बी-१२ जिवाणूंपासून तयार होतं, जसं आपलं दही. कॅप्सूलऐवजी त्याची साधी गोळी मिळते. डॉक्टरांना विचारून तीच सुरू केली, सूर्यास्ताआधी घेते. मुंग्या आता बऱ्याच कमी आहेत.

बाटली मात्र परत केली. जिथे तूट, तिथेच भरणा. ज्याची उणीव नाही ते रोज गिळणं हाही परिग्रहच ना?

मुंग्या, बधिरपणा आला तर तपाचा थकवा समजून अंगावर काढू नका. आधी रक्त तपासा, मग गोळीचं ठरवा.